एका स्कीची हिमगाडी आणि तिचा नवा स्वार

बर्फाळ मुलखांतील मनुष्यापुढें हिवाळ्यांत एकच मोठा प्रश्न असतो, आणि तो म्हणजे मऊ बर्फांत न रुततां पुढें कसें जावें. घोड्याचा खूर रुततो, गाडीचें चाक त्याहून लवकर रुततें, आणि माणूस तर कंबरेपर्यंत आंत जातो. या प्रश्नाचें उत्तर उत्तर ध्रुवाच्या आसपासच्या लोकांनीं फार पूर्वीं शोधून काढलें. पायांना लांब लांकडी पट्ट्या बांधून घसरत जावयाचें, हा एक उपाय. या पट्टीलाच 'स्की' म्हणतात. दुसरा उपाय, चाकांऐवजीं अशाच पट्ट्यांवर बसविलेली घसरगाडी कुत्र्यांकडून किंवा रेनडिअरांकडून ओढून घ्यावयाची. दोहोंतलें मर्म एकच : वजन थोड्या जागेवर न टाकतां पुष्कळ जागेवर पसरावें. वाळवंटांत उंट चालतो तोही याच न्यायानें.

विसाव्या शतकांत या दोन उपायांना तिसरा येऊन मिळाला. एंजिनाच्या जोरावर फिरणारा रुंद रबरी पट्टा मागें, आणि दिशा दाखविणारी स्की पुढें, अशी ती हिमगाडी. काश्मीरांत गुलमर्गला हिवाळ्यांत जाऊन आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांनीं तिला 'स्नो स्कूटर' या नांवानें पाहिलें असेल. कदाचित् दहापांच मिनिटें तिच्यावर बसूनही घेतलें असेल. बहुतेक हिमगाड्यांना पुढें दोन स्की असतात. परंतु या कुळांत एक शाखा अशी आहे कीं, जिला पुढें एकच स्की असते. दिसावयाला ही गोष्ट क्षुल्लक. पण दोहोंची एक झाली म्हणजे गाडीचा स्वभाव पालटतो, आणि तिच्यावर बसणाऱ्या नवख्या माणसाला अगदीं निराळें शिक्षण घ्यावें लागतें. ही गाडी कोठून आली, आणि तिचा स्वार होण्यासाठीं माणसाला काय शिकावें व काय विसरावें लागलें, याची हकीकत मनोरंजक आहे. ती सर्वस्वीं सुखाची आहे असें मात्र नाहीं.

प्रारंभ रशियांत झाला असें म्हटलें तरी चालेल. झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यांत आदोल्फ केग्रेस नांवाचा एक फ्रेंच यंत्रज्ञ नोकरीस होता. रशियन हिवाळ्यांत बादशहाच्याही मोटारी अडून बसत. मागच्या चाकांच्या जागीं रबराचा अखंड फिरता पट्टा आणि पुढें स्की, अशी योजना केग्रेसनें केली. झार गेला, राज्यक्रांति झाली, पण युक्ति राहिली. अशीच पट्टे व स्की लावलेली, लेनिनच्या वापरांतील रोल्स-रॉईस मोटार मॉस्कोजवळील गोर्की येथील संग्रहालयांत ठेवलेली आहे. बादशहासाठीं काढलेली तोड क्रांतिकारकाच्या कामीं आली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा! तथापि ती अखेर मोटारच होती; तिला मोटारीएवढी रुंद वाट हवी. झाडांच्या दाटींतून एकट्यादुकट्या माणसानें जावयाचें तर वाहन लहान असलें पाहिजे.

असें लहान वाहन अमेरिकेंत, विस्कॉन्सिन संस्थानांतील सेनर या खेड्यांत तयार झालें. कार्ल इलायसन हा तेथील दुकानदार. पायाच्या व्यंगामुळें शिकारीला निघालेल्या मित्रांच्या बरोबरीनें त्याला बर्फांतून चालतां येत नसे. मागें राहण्याचा कंटाळा आला तेव्हां त्यानें १९२४ सालीं एका घसरगाडीवर नावेचें अडीच अश्वशक्तीचें लहानसें एंजिन चढविलें. सायकलीचे भाग, फोर्ड मोटारीच्या रेडिएटरचा तुकडा, जें हातीं लागेल तें त्यानें वापरलें. पुढच्या दोन स्की दोरीनें ओढून वळवावयाच्या होत्या. १९२७ मध्यें त्याला पेटंट मिळालें. त्यानें हातानें सुमारें चाळीस गाड्या बनविल्या, आणि फिनलंडहून एकदम दोनशें गाड्यांची मागणी आली तेव्हां आपल्या आवाक्याबाहेरचें काम जाणून त्यानें हक्क एका मोठ्या कारखान्यास विकले. सशक्त मनुष्याला ज्या गोष्टीची निकड भासली नाहीं ती एका अधू मनुष्याला भासली, एवढें येथें लक्षांत ठेवावें.

निकडीची याहून दारुण कथा कॅनडांतील आहे. क्वेबेक प्रांतांत व्हालकूर नांवाचें खेडें आहे. तेथें १९०७ सालीं जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा जन्म झाला. पंधराव्या वर्षीं, १९२२ च्या अखेरच्या दिवशीं, त्यानें भावाला बरोबर घेऊन जुन्या फोर्डचें एंजिन व विमानासारखा पंखा लावलेली एक घसरगाडी गांवांतून धांवडविली. उघड्या पंख्याच्या भीतीनें वडिलांनीं ती लगेच मोडावयास लावली. पुढें त्यानें स्वतःचें दुरुस्तीचें दुकान काढलें आणि सवड मिळेल तेव्हां बर्फावरच्या गाडीचे प्रयोग चालू ठेवले. त्या काळीं क्वेबेकच्या खेड्यांतील रस्ते हिवाळ्यांत महिनोनमहिने बंद पडत. १९३४ च्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटांतील विकारानें आजारी पडला. शस्त्रक्रियेसाठीं त्याला रुग्णालयांत पोंचविणें अवश्य होतें. पण रस्ते बर्फानें गाडले गेले होते आणि दुकानांतील गाडी अजून धांवण्याजोगी झालेली नव्हती. मुलगा गेला.

बापानें काम सोडलें नाहीं. दांतेरी चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची रचना त्यानें सिद्ध केली आणि १९३७ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. सात माणसें बसतील अशी त्याची बंदिस्त गाडी डॉक्टर, टपालवाले, धर्मोपदेशक यांच्या उपयोगास येऊं लागली. मग बाराजणांची आली. पुढें १९४८ मध्यें क्वेबेक सरकारनें खेड्यापाड्यांतील रस्त्यांवरील बर्फ काढण्याची व्यवस्था कायद्यानें लावली, आणि या मोठ्या गाड्यांचें गिऱ्हाईक एकाएकीं ओसरलें. ज्या अडचणीनें मुलगा गेला ती दूर झाली, पण तिच्याबरोबर धंदाही बसूं लागला, अशी ही चमत्कारिक परिस्थिति. तेव्हां तो आपल्या मूळच्या कल्पनेकडे, एकादोघांच्या हलक्या गाडीकडे, वळला.

१९५९ सालीं ही हलकी गाडी 'स्की-डू' या नांवानें बाहेर पडली. तिचा पहिला नमुना बोंबार्दिएनें आपला स्नेही फादर मोरिस उइमे याला दिला. हा मिशनरी आँटेरिओच्या उत्तरेस लॅन्सडाऊन हाउस येथें आदिवासी वस्तींत राहत असे, आणि तोंवर त्याचा हिवाळ्यांतील प्रवास कुत्र्यांच्या गाडीनें चाले. म्हणजे या जातीच्या गाडीचा पहिला नवखा स्वार हौशी खेळाडू नव्हता. दूरदूरच्या वस्त्यांतून फिरणारा एक पाद्री होता. हौशी लोक मागाहून आले, आणि आले ते लोंढ्यानें. १९६८ मध्यें मिनेसोटा संस्थानांतील राल्फ प्लेस्टेड हा विम्याचा धंदा करणारा गृहस्थ आपल्या सोबत्यांसह अशा हिमगाड्यांवरून थेट उत्तर ध्रुवावर जाऊन पोंचला! त्याच्या आदल्या वर्षीं तो अर्ध्या वाटेवरून परतला होता, हेंही नव्या स्वारांनीं विसरूं नये.

आतां एका स्कीकडे वळूं. स्की-डूला मागें एक पट्टा व पुढें दोन स्की असत. मळलेल्या वाटेवर ही ठेवण उत्तम. परंतु रानांत चार हात खोल भुसभुशीत बर्फ पडलेला असावा आणि मागें सामानानें लादलेली घसरगाडी ओढावयाची असावी, अशा वेळीं एकच पट्टा दबूं लागतो. याला उपाय म्हणून बोंबार्दिएच्या कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत 'आल्पाइन' नांवाची गाडी काढली. तिला दोन रुंद पट्टे शेजारीशेजारीं दिले आणि पुढें एकच स्की ठेविली. आपल्याकडील रिक्षेची ठेवण डोळ्यांपुढें आणली म्हणजे हें चटकन् समजेल : मागें दोन चाकें भार घेतात, पुढचें एक चाक वाट दाखवितें. दोन पट्ट्यांमुळें गाडी बर्फावर जणूं तरंगते. तोल संभाळण्याचें काम मागेंच होत असल्यामुळें पुढें दुसऱ्या स्कीची गरज राहत नाहीं. आणि पुढचा भाग निमुळता झाल्यामुळें दोन बुंध्यांमधून वाट काढतां येते. डोंगरावरील बचावपथकें, हिमक्रीडास्थानांतील नोकर, आणि दूरच्या प्रदेशांतील शास्त्रज्ञांच्या छावण्या यांना हीच गाडी पसंत पडली.

याच घाटाची दुसरी गाडी रशियांत झाली, आणि ती अधिक दूरवर पसरली. व्होल्गा नदीच्या कांठीं रिबिन्स्क नांवाचें शहर आहे. तेथील विमानांचीं एंजिनें तयार करणाऱ्या कारखान्यांतून १९७१ सालापासून 'बुरान' ही हिमगाडी बाहेर पडूं लागली. बुरान म्हणजे रशियाच्या गवताळ मैदानांवर घोंघावणारें हिमवादळ. दोन पट्टे, एक स्की, ६३५ घनसेंटिमीटरचें दोन नळकांड्यांचें एंजिन, आणि सजावटीच्या नांवानें पूज्य. कोला द्वीपकल्पांतील सामी, उत्तरेच्या टुंड्रांतील नेनेत्स, सैबेरियाच्या अरण्यांतील शिकारी, यांच्या दारापुढें ही गाडी उभी राहूं लागली. ती वेगवान नव्हती, पेट्रोल फार पीत असे, आणि वळावयाची वेळ आली म्हणजे हट्टी बैलासारखी सरळच जाऊं पाही. तरीही ती त्या मुलखांत रुजली, कारण ती ओझें ओढी, खोल बर्फांत सहसा रुतत नसे, आणि बिघडली तर रानांत हातोडी व पान्यानें दुरुस्त होई. शहरांतील माणसाला यंत्राचें कौतुक वेगामुळें वाटतें. रानांतील माणसाला तें घरीं परत येतां आलें म्हणजे वाटतें.

या हट्टीपणाचें कारण समजून घेणें हाच नव्या स्वाराचा पहिला धडा. मागचे दोन्ही पट्टे एकाच वेगानें गाडीला पुढें रेटीत असतात. पुढची स्की ही केवळ बर्फांत चरा पाडून त्या रेट्याला बाजूस ओढूं पाहते. एंजिनाला जोर दिला कीं गाडीचा पुढचा भाग हलका होतो; मागें भरलेली घसरगाडी असली तर अधिकच हलका होतो; मग हॅंडल कितीही वळविलें तरी स्की नुसती वरवर घसरते आणि गाडी सरळ झाडाकडे निघते. नवखा मनुष्य घाबरतो व हॅंडल आणखी वळवितो. जाणता स्वार नेमकें उलट करतो. वळणाच्या आधींच तो जोर कमी करतो, म्हणजे वजन पुढें येऊन स्की बर्फांत रुतते. मग तो सारें अंग पुढें व वळणाच्या आंतल्या बाजूस झुकवितो, आणि गाडीचें तोंड वळलें म्हणजे पुन्हां हळूंहळूं जोर देतो. म्हणूनच टुंड्रांतील स्वार खुर्चींत बसल्यासारखे बसलेले क्वचितच दिसतात. एक गुडघा बैठकीवर, दुसरा पाय पायफळीवर, अशी त्यांची बसण्याची रीत असते. एका क्षणांत शरीर इकडचें तिकडे नेतां यावें हा तींतील हेतु.

दुसरा धोका याहून विचित्र आहे. या गाडीला मोटारसायकलीसारखा क्लच नसतो. एंजिनाची गति वाढली कीं पट्टा आपोआप ताणला जाऊन गाडी चालूं लागते. ही गति वाढविण्याची कळ उजव्या हाताच्या अंगठ्याखालीं असते. गाडी अचानक उसळली कीं नवखा स्वार जिवाच्या आकांतानें हॅंडल घट्ट पकडतो. आणि पकडतांना त्याचाच अंगठा कळ दाबतो! ज्या क्षणीं थांबावयाचें त्याच क्षणीं गाडी झेंप घेते. यावर उपाय उपदेशानें होत नाहीं. म्हणून शहाणा शिक्षक शिकाऊ माणसाला प्रथम मोकळ्या, सपाट, मळलेल्या जागेंत नेतो. ओझें न लावतां, संथ गतीनें, पुन्हांपुन्हां थांबावयास लावतो. एंजिन बंद करणारी एक दोरी स्वाराच्या अंगाला अडकविण्याची सोय पुष्कळ गाड्यांत असते. स्वार पडला कीं दोरी निसटते व एंजिन बंद पडतें. ती दोरी न अडकवितां निघण्याची आढ्यता पहिल्या दिवशीं कोणी करीत नाहीं. ती दुसऱ्या वर्षीं येते.

पोहावयाला शिकणाऱ्यानें पाणी ओळखावें, तसें या स्वारानें बर्फ ओळखावा लागतो. चढावर मध्येंच थांबूं नये. थांबलें कीं पट्टे खोदूं लागतात आणि गाडी स्वतःची खांच स्वतःच करते. थांबावयाचेंच असेल तर उताराकडे तोंड करून, किंवा एक फेरा मारून बर्फ दाबून घेऊन त्या दाबलेल्या जागेवर थांबावें. आडव्या उतारावर शरीर नेहमीं डोंगराच्या बाजूस टाकावें. रात्रभर उभी राहिलेली गाडी स्कीसकट बर्फाला चिकटून गोठते. म्हणून मुक्काम करतांना तिच्याखालीं फांद्या घालण्याची चाल आहे. नाहीं तर सकाळीं एंजिनाला जोर देऊन ती उपटूं पाहणारा स्वार बेल्ट जाळून बसतो. नवा बेल्ट जवळ नसला तर मग चालणें आलें.

सर्वांत फसवें स्थळ म्हणजे गोठलेलें सरोवर. दिसावयाला तें सपाट मैदान; नवख्याला तेथेंच सर्वांत सुरक्षित वाटतें. परंतु वरच्या बर्फाच्या भारानें खालचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतें, आणि तें वरच्या भुसभुशीत बर्फाखालीं न गोठतां साचून राहतें. वरून पांढरें कोरडें मैदान, आंत गुडघाभर चिखलासारखें गार पाणी! त्यांत गाडी थांबली कीं पट्टे पाण्यानें भरतात आणि बाहेर काढल्यावर दगडासारखे गोठतात. खालच्या थराच्या जाडीचाही अंदाज हवा. मिनेसोटांतील सरकारी खातें हिमगाडीसाठीं निदान पांच ते सात इंच ताजा, स्वच्छ, कांचेसारखा थर असावा असें सांगतें. पांढुरक्या थराला त्याच्या निम्मेंच बळ असतें, आणि वाहत्या नदीवरील थराचा तर भरंवसाच धरूं नये.

थंडीचाही हिशेब निराळा. हवा उणें वीस अंश असतांना वारा मुळींच नसला तरी ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्वाराच्या उघड्या कातडीला ती उणें चौतीस अंशांसारखी लागते. चालणाऱ्या माणसाचें अंग श्रमानें तापतें; गाडीवरचा माणूस बसल्याबसल्या गारठतो आणि त्याला तें उशिरां कळतें. गाडी जितकी वेगवान, तितका तो घरापासून थोड्या वेळांत दूर जातो. एका तासांत गांठलेलें अंतर गाडी बंद पडल्यावर पायीं काटावयाला दोन दिवस लागतात. यासाठीं जाणते लोक एकटे निघत नाहींत, आणि गाडीवर पायांत घालावयाच्या स्कीही बांधून नेतात. ज्या जुन्या साधनाला या यंत्रानें मागें सारलें तेंच साधन पाठीशीं घेऊन जावें लागतें!

येथेंच या कथेची दुसरी बाजू सुरू होते. कुत्र्यांच्या गाडीवरचा नवखा मनुष्य एका अर्थानें एकटा नसे. पुढचा कुत्रा पातळ बर्फाचा वास घेई, वादळांत घरची वाट काढी, आणि धोक्याच्या जागीं पाय रोवून उभा राही. त्याला खावयास सीलचें किंवा माशाचें मांस लागे, आणि तें त्याच मुलखांत मिळे. यंत्राला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. कुत्र्याजवळ होतें तेवढें शहाणपण आतां स्वाराच्या डोक्यांत असावें लागतें. आणि यंत्राचें खाणें दूरच्या शहरांतून, रोख पैसे मोजून आणावें लागतें.

हा बदल किती झपाट्यानें होतो हें पेर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञानें फिनलंडच्या उत्तर टोंकास प्रत्यक्ष राहून पाहिलें, आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत लिहून ठेविलें. स्कोल्ट सामी नांवाचे रेनडिअर पाळणारे लोक तेथें सेवेत्तियार्वी या भागांत राहतात. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचा मूळ मुलूख सोव्हिएट रशियाकडे गेल्यामुळें ते येथें येऊन वसले होते. म्हणजे एकदां घर गमावलेले हे लोक. १९६०-६२ च्या सुमारास त्यांच्या प्रदेशांत पहिली हिमगाडी आली, आणि दहा वर्षांच्या आंत ओढकामाचे रेनडिअर जवळजवळ दिसेनासे झाले. या गाड्या दोन स्कीच्या होत्या हें खरें. पण स्कीची संख्या येथें गौण आहे. प्रारंभीं सर्वांना आनंद झाला. चार दिवसांचा प्रवास एका दिवसांत होऊं लागला, दुकान व दवाखाना जवळ आला. मग गाडीची किंमत, पेट्रोल, सुटे भाग यांसाठीं जनावरें विकावीं लागलीं. एंजिनाच्या आवाजानें कळप बिथरूं लागले. पूर्वीं स्कीवर हिंडणारा मनुष्य कळपाबरोबर महिनोनमहिने राही, ती जवळीक संपली आणि जनावरें रानटी होत चाललीं. पेल्टोच्या सांगण्याप्रमाणें कुटुंबामागें सरासरी पन्नासांच्या आसपास असलेले रेनडिअर बारांवर आले. ज्यांना लवकर गाडी घेतां आली ते टिकले. पुष्कळ घरांचा मात्र पिढीजात धंदाच सुटला. पूर्वीं त्या समाजांत कोणी फार श्रीमंत नव्हता व कोणी फार गरीबही नव्हता.

यावरून यंत्राला शाप देणें सोपें आहे, आणि शहरांतील उबदार खोलींत बसून तर फारच सोपें. ज्याचें मूल बर्फांत अडकून दगावलें त्या बापापुढें असें बोलण्याची छाती कोणाला होणार? त्या लोकांनींही यंत्र परत केलें नाहीं. खुद्द सामी तरुणांनीं त्याचीं अंगें इतकीं आत्मसात् केलीं कीं मोडलेलें एंजिन उघड्या टुंड्रांत, बोटें गोठत असतांना, जुळवून दाखविण्यांत त्यांचा हातखंडा झाला. पूर्वीं मुलगा बापाबरोबर कळपामागें हिंडून शिके. आतां बापच पुष्कळदां मुलाला विचारी कीं गाडी सुरू कां होत नाहीं. घरांतील वडीलधारेपण अशा रीतीनें नकळत सरकतें. आपल्याकडे खेड्यांत मोटेच्या जागीं एंजिन आलें तेव्हां काय झालें, हें ज्यांना आठवत असेल त्यांना यांत कांहीं नवल वाटणार नाहीं.

एका स्कीच्या गाडीनें पुढें आणखी एक अवतार घेतला, तो निव्वळ हौसेचा. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्रायस्लर या मोटारींच्या कंपनीनें पुढें स्की व मागें अरुंद पट्टा असलेली, मोटारसायकलीसारखी एक हलकी गाडी विकून पाहिली. ती फार काळ चालली नाहीं. एकविसाव्या शतकांत मोटारसायकलीचीं दोन्ही चाकें काढून पुढें एक स्की व मागें एकच पट्टा जोडण्याची तऱ्हा निघाली. आयडाहो संस्थानांतील सँडपॉइंट येथील टिंबरस्लेड हा तिचा प्रमुख कारखाना होता, आणि २०१५ सालीं पोलॅरिस या मोठ्या कंपनीनें तो विकत घेतला. या गाडीचा नवा स्वार बुरानवरील स्वाराच्या अगदीं उलट शिकतो. बुरान स्वतः उभी राहते व वळावयास नकार देते. ही गाडी झुकवितांच वळते, पण थांबली कीं आडवी पडते. तिच्यावर उभें राहून, नजर स्कीकडे न लावतां दूर पुढें ठेवून जावें लागतें. सायकल येणाऱ्यास ती लवकर साधते, आणि म्हणूनच तो लवकर डोंगराच्या अशा कुशींत जाऊन पोंचतो कीं जेथें बर्फाचे कडे कोसळतात.

दोन पट्टे व एक स्की या जुन्या घाटाच्या गाड्यांनीं सर्वांत कठीण शाळा पाहिली ती दक्षिण ध्रुवाकडे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची भारताची मध्यवर्ती संस्थाही पुढें गोव्यांतच, वास्को येथें, स्थापन झाली. समुद्रकिनाऱ्यावरील नारळीच्या छायेंतून जन्मांत बर्फ न पाहिलेलीं माणसें त्या हिमखंडाकडे जातात, त्यांना बर्फावर वावरण्याचें शिक्षण आधीं घ्यावेंच लागतें. सियाचेनच्या हिमनदीवर भारतीय सैन्यानेंही स्नो स्कूटरचा उपयोग केला आहे.

हिमनदीवर भीति असते ती कपारींची. शेंकडों हात खोल भेगांवर बर्फाचे पातळ पूल बनलेले असतात आणि वरून कांहींच दिसत नाहीं. ढगाळ दिवशीं तर सावली पडत नाहीं. जमीन व आकाश एकच पांढरें होतें आणि पुढें खड्डा आहे कीं उंचवटा हेंही उमगत नाहीं. अंटार्क्टिकांतील ब्रिटिश पाहणीखात्याच्या छावण्यांत आल्पाइन गाड्यांवरून दोघादोघांच्या तुकड्या निघत. पुढें एक गाडी, तिच्यामागें घसरगाडी, मग लांब दोर, मग दुसरी गाडी व तिची घसरगाडी, अशी सारी माळ एकत्र बांधलेली असे. पुढची गाडी कपारींत गेली तर मागच्या वजनानें ती धरून ठेवावी, ही त्यांतील योजना. आणि स्वारही दोराला बांधलेला असे. मागच्या स्वाराचें मुख्य काम गाडी हांकणें हें नसून मधला दोर ना सैल ना ताठ असा ठेवणें हें होतें. सैल पडला तर पट्ट्यांत गुंतावयाचा. ताठ झाला तर पुढच्याला मागें खेंचावयाचा. तासन् तास पुढच्या गाडीचा धूर नाकांत घेत, डोळे त्या दोराकडे लावून जाणें, हें नवख्याला सर्वांत कंटाळवाणें वाटे.

याच छावण्यांत कुत्र्यांच्या गाड्याही पुष्कळ वर्षें होत्या. अंटार्क्टिकांत बाहेरचे प्राणी ठेवूं नयेत असें १९९१ सालीं माद्रिद येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें ठरलें, आणि १९९४ च्या एप्रिलपूर्वीं सर्व कुत्रे हलविणें भाग पडलें. रोथेरा येथील शेवटचे ब्रिटिश कुत्रे त्या वर्षीं फेब्रुवारींत विमानानें निघाले. त्यांच्यासाठीं घर शोधण्यांत आलें तें हडसन उपसागराच्या कांठीं, इनुकजुआक या इन्यूइट लोकांच्या वस्तींत; आणि ही वस्ती क्वेबेक प्रांतांतच येते, जेथून बोंबार्दिएची गाडी निघाली होती.